गुहागरला तंबूत दोन रात्री: ५१२ वॅट-तासाचं पॉवर स्टेशन आणि १०० वॅटचं पॅनल पुरेल का?

दादांचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही पुढचं नीट लागेल. सांगलीहून चौघं जाणार, नवरा-बायको, मुलगा आणि वडील. डिसेंबरात गुहागरला किनाऱ्याजवळ तंबू टाकून दोन रात्री राहणार. ५१२ वॅट-तासाचं पॉवर स्टेशन (म्हणजे सोबत न्यायचा बॅटरीचा डबा, पुढं नुसतं डबा म्हणतो) आणि १०० वॅटचं घडीचं सोलर पॅनल घ्यायचं मनात आहे, त्यावर चालवायचं काय तर चार मोबाईल, लाईट, एक छोटा पंखा, गाडीत ठेवायचा कूलबॉक्स आणि वडिलांचं झोपताना लावायचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधनं हवा देणारं). दुकानदार म्हणतोय पॅनल २०० वॅटचं घ्या म्हणजे टेन्शन नाही. तर पुरेल का, आणि पॅनल कितीचं घ्यावं?

माझं काम सोलर-बॅटरीचंच, विश्रामबागला बसतो, तासगाव-कवठेमहांकाळकडचे शेतावरचे पंप आणि बेदाण्याच्या शेडवरचे लाईट हे रोजचं, आणि थंडीत सवड मिळाली की आमचं पण कोकणात उतरणं असतंय. त्यामुळं हिशोबही सांगतो आणि वाळूत काय होतंय ते पण सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्ही पॅनल कितीचं असं विचारलंय पण तुमची अडचण रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळातली आहे, आणि त्या वेळात पॅनल घडी घालून पिशवीत असणार. मोबाईल उतरला, लाईट गेले तरी ट्रिप होते, पण वडिलांचं मशीन पहाटे तीनला बंद पडलं तर सगळे उठून बसणार. म्हणून हिशोब तिथनं सुरू करायचा, बाकी सगळं त्याच्यानंतर.

सीपॅपच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघा, बऱ्याच मशीनवर २४ व्होल्ट ३.७५ अँपिअर असतंय, म्हणजे ९० वॅट. लोक तो आकडा बघून आठ तासाला गुणतात, ७२० वॅट-तास येतात आणि घाबरून दुप्पट डबा घेतात. तो आकडा जास्तीत जास्तचा असतो, चालताना एवढं लागत नाही. खरी भानगड त्यातल्या पाण्याच्या भांड्याच्या हीटरची असते. हीटर आणि गरम नळी बंद ठेवली तर नुसती हवा फेकायला साधारण १० ते ३० वॅट लागतात, प्रेशर किती सेट केलंय आणि मास्क किती गळतोय त्यावर ते कमीजास्त होतंय. हीटर चालू केला की तेच मशीन ५०-६० वर जातं, कधी त्याच्याही वर. आठ तासाचा फरक काढा, हीटर बंद असताना २० वॅट धरले तर १६० वॅट-तास, चालू असताना ६० धरले तर ४८०. तुमचा डबाच ५१२ चा. ह्या एका बटणावर तुमचा अख्खा प्रश्न आहे.

आता हीटर बंद करायचा का हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. समुद्रकाठची हवा तशीही दमट असते त्यामुळं दोन रात्री बऱ्याच जणांचं भागतं, पण काहींचा घसा कोरडा पडतो, काहींना डॉक्टरच नको म्हणतात. जे सांगतील त्याप्रमाणं डबा निवडा. आणि माझ्या आकड्यांवरही जाऊ नका, प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर हजाराच्या आत मिळतो, तो लावून घरी एक रात्र मशीन चालवा, सकाळी मीटरवर किती युनिट पडले ते वाचा. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास, ०.१६ युनिट आलं तर १६० वॅट-तास, इतकं सोपं आहे.

दुसरं, हे मशीन पॉवर स्टेशनच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका, जमत असेल तर. बॅटरी डीसी, तिचं इन्व्हर्टरनं एसी करायचं, मग अडॅप्टरनं परत डीसी करायचं, ह्या उलटसुलट प्रवासात १५-२० टक्के जातात, आणि नुसता इन्व्हर्टर चालू ठेवायलाच सलग १० वॅट किंवा जास्त लागतात, रात्रभराचे ८०-१०० वॅट-तास असेच गेले. बऱ्याच मशीनला कंपनीची १२ व्होल्टची कार केबल वेगळी मिळते, ती सिगारेट सॉकेटला लागते. ती घ्या. एसीवरच चालवणं भाग असेल तर इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्ह (घरच्या लाईटीसारखा करंट देणारा) आहे ना एवढं बघा. अजून एक, ह्याकडं कुणाचं लक्ष नसतं, बऱ्याच पॉवर स्टेशनमध्ये इको मोड असतो, लोड कमी दिसला की तासा-दोन तासानं आउटपुट आपोआप बंद. सीपॅप १२-१५ वॅटवर चालत असेल तर डब्याला वाटतंय काही लावलेलंच नाही. तो मोड सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचा आणि घरी एक पूर्ण रात्र तसं चालवून बघायचं, गुहागरला पहिल्यांदा नाही.

कूलबॉक्स. गाडीत १२ व्होल्टवर चालणारे स्वस्तातले जे डबे मिळतात, त्यांच्यात कॉम्प्रेसर नसतो, एक चकती असते जी एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम होते. ती ४५ ते ६० वॅट सलग खाते, बहुतेकांत थर्मोस्टॅटपण नसतो त्यामुळं थांबतच नाही, २४ तासाचे हजार ते चौदाशे वॅट-तास झाले. आणि एवढं खाऊन बाहेरच्यापेक्षा १५-२० डिग्री कमी करते, दुपारी गाडीत ४० असेल तर आत २०-२५, त्यात दूध टिकत नाही. कॉम्प्रेसरवाला चांगला असतो, तो मधेमधे थांबतो, तरी दिवसाला ४००-५०० धरा. दोन रात्रीसाठी त्याचा खर्च आणि वजन कशाला?

बर्फ घ्या. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, आपल्या भाषेत ९३ वॅट-तास. दहा किलोची लादी म्हणजे ९३० वॅट-तासाची गारवा-बॅटरी झाली, आणि ती चार्ज करायला लागत नाही. चिपळूणला घ्या नाहीतर मासळी बाजाराजवळ कुठंही विचारा, कोकणात बर्फाला तोटा नाही. जाड भिंतीचा साधा आईसबॉक्स, घरनं फ्रीजरमध्ये गोठवून नेलेल्या दोन लिटरच्या बाटल्या खाली, वर लादीचे तुकडे, पाणी लगेच ओतून द्यायचं नाही, आणि मुलाला सारखं झाकण उघडू द्यायचं नाही.

पंखा डिसेंबरात न्यायचा कशाला हेच मला कळेना. रात्री जमिनीवरनं समुद्राकडं मतलई वारा सुटतो, तंबूची पूर्वेकडची जाळी उघडी ठेवली की पहाटे पांघरूण शोधाल. मे महिन्यात जाणार असता तर गोष्ट वेगळी, तेव्हा १५ वॅटचा डीसी पंखा रात्रभर चालला तर १२० वॅट-तास धरावेच लागतात. चहाची किटली, इंडक्शन हे कुणीतरी खाली सुचवलंय म्हणून सांगतो, एक लिटर पाणी उकळायला शंभरेक वॅट-तास जातात, आणि किटली १५०० वॅट मागते, ५०० वॅट-तासाचा डबा एवढं देतच नाही, आपोआप बंद पडतो. गॅसची छोटी शेगडी न्या, ती पण तंबूच्या बाहेर वापरा.

मग बेरीज करू. हीटर बंद ठेवून सीपॅप १६०, दोन एलईडी लाईट चार तास ४०, चार मोबाईल पूर्ण चार्ज करायला ८०-९०. रात्रीचे २९० झाले. ५१२ चा डबा डीसीवर ४५०-४६० देतो, म्हणजे पहिली रात्र निघून सकाळी १६०-१७० शिल्लक. दुसऱ्या रात्रीला परत २९० पाहिजेत, म्हणजे दिवसभरात कमीतकमी १२०-१३० परत भरायचे, मी १५०-२०० धरीन. एवढंच काम आहे पॅनलला. हीटर चालू ठेवायचा असेल तर मात्र सीपॅप ४८०, बाकीचे १३०, म्हणजे ६१०, पहिल्याच रात्री पहाटे डबा झोपला. तेव्हा २०० वॅटचं काय ४०० वॅटचं पॅनल असलं तरी उपयोग नाही, रात्री ऊन कुठनं आणणार, हजार वॅट-तासाचा डबा लागेल. दुकानदाराचा सल्ला म्हणूनच मला पटला नाही.

भरायचं कुठनं ते आता. सगळ्यात मोठं चार्जिंग घरच्या प्लगवर, निघायच्या आदल्या रात्री १०० टक्के. दुसरं गाडी. सांगली, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर असं गेलात तर सहा तास कुठं गेले नाहीत, गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधनं पॉवर स्टेशन साधारण ८-१० अँपिअर ओढतं, म्हणजे शंभर वॅटच्या आसपास. वाटेत मोबाईल वगैरे चार्ज केले तरी डबा गुहागरला भरलेलाच उतरतो. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर-हेदवी फिरून आलात की गाडी दीडएक तास चालते, त्यात १२०-१४० वॅट-तास परत आले. म्हणजे तुमच्या प्लॅनमध्ये पॅनल नसतं तरी जवळजवळ भागतंय. आभाळ आलं तरी हा रस्ता उघडा असतो हे लक्षात ठेवा. पण गाडी जागेवर उभी करून, इंजिन चालू ठेवून चार्जिंग करू नका, त्यात पेट्रोल जातं ते जातंच, शिवाय तंबूशेजारी धूर सोडत उभी गाडी म्हणजे कार्बन मोनॉक्साईडचा धोका. आणि इंजिन बंद असताना काही गाड्यांचं सॉकेट चालूच राहतं, तेव्हा केबल काढून ठेवा, नाहीतर सकाळी गाडी ढकलायची पाळी.

आता पॅनल. घ्या, मी घेऊ नका म्हणत नाही, १०० वॅटचं बास आहे. फक्त त्यावरचे १०० वॅट हे प्रयोगशाळेतले, सेल २५ डिग्रीला आणि अंगावर हजार वॅट प्रति चौरस मीटर ऊन. किनाऱ्यावर दुपारी पॅनलचा सेल ५५-६० डिग्रीला सहज जातो, आणि २५ च्या वर प्रत्येक डिग्रीला ०.३५ ते ०.४ टक्के कमी होत जातं, म्हणजे १२-१४ टक्के उष्णतेतच गेले. मग धूळ, केबल, कलता कोन. स्क्रीनवर ७० दिसले तर चांगलं चाललंय समजा. डिसेंबरात दिवसाचे ३००-३५० वॅट-तास मिळायला हरकत नाही, पण त्यासाठी पॅनल सपाट वाळूवर टाकून पोहायला गेलात तर नाही मिळणार. डिसेंबरात दुपारी बाराला पण सूर्य गुहागरला ४९-५० अंशावरच असतो, दक्षिणेकडं कललेला, त्यामुळं पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि मागनं ४० अंशाच्या आसपास उचललेलं पाहिजे. मे महिन्यात उलट, सूर्य डोक्यावर, तेव्हा सपाट ठेवलं तरी चालतं.

सावलीचं मात्र सगळ्यांनी ऐका. घडीच्या पॅनलमधले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, एकाचा प्रवाह अडला की त्याच्या रांगेतल्या सगळ्यांचा अडतो. चार घड्यांतल्या एका घडीवर माडाच्या झावळीची सावली पडली तर एक चतुर्थांश कमी होईल असं वाटतं, पण स्क्रीनकडं बघत बसा, ७२ वरनं आकडा पटकन २० च्या घरात येतो, आणि पॅनल हातभर सरकवलं की परत ७०. तंबूच्या दोरीची सावली पण आठ-दहा वॅट खाते. त्यात आपला किनारा पश्चिमेला, मागं डोंगर आणि वाड्या, त्यामुळं सकाळी ऊन वाळूवर उशिरा येतं आणि सुरूच्या झाडांची सावली लांब पडते. दहा ते चार हीच कमाई. तंबू सुरूच्या सावलीत टाका, पॅनल उन्हात, आणि मधे लांब केबल. पाच मीटर घ्या, चार चौरस मिलिमीटरची, बारीक वायर लांबवली तर १८ व्होल्टमधला एखादा व्होल्ट वायरच खाते.

केबल लांब घ्यायचं खरं कारण वेगळं आहे, डबा उन्हात ठेवायचा नाही. बरेच लोक पॅनलच्या मागं, त्याच्याच सावलीत डबा ठेवतात, पण तिथली हवा तापलेली असते. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्जिंग घेत नाही, आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, ते बंद करतं, आणि लोक मला फोन करतात पॅनल खराब निघालं म्हणून. बंद गाडीत, बंद तंबूत दुपारी पण तेच. डबा झाडाखाली, मोकळ्या हवेत.

आणि वाळूवर थेट नाही. ह्या डब्यांना बाजूला पंखा असतो, तो वाळू आत ओढतो. दिवसा समुद्राकडनं खारे वारे येतात, म्हणजे नेमकं पॅनल उघडं असतं त्याच वेळी मीठ आणि बारीक वाळू अंगावर येत असते. मी द्राक्षाचा रिकामा क्रेट उलटा टाकतो, त्यावर डबा, पंख्याची बाजू समुद्राकडं पाठ करून, वर पांढरं सुती कापड सैल टाकायचं. प्लास्टिकनं गुंडाळायचं नाही, आत तापतो. न वापरलेल्या पोर्टची रबरी झाकणं लावून ठेवायची. पॅनलवर दुपारपर्यंत पांढरट थर येतो, तो कोरड्या फडक्यानं पुसला तर वाळू घासून बारीक चरे पडतात, आधी गोडं पाणी ओतायचं, मग ओल्या कापडानं.

वाऱ्याचं पण बघा, दुपारनंतर वाढतो आणि घडीचं पॅनल पतंगासारखं उडतं. तंबूचे खिळे वाळूत धरत नाहीत. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या न्यायच्या, वाळू भरायची, पॅनलच्या कोपऱ्याच्या कड्यांना दोरीनं बांधायच्या आणि पिशव्या थोड्या पुरून टाकायच्या.

भरतीची रेषा कुठपर्यंत येते ते गावातल्या माणसाला विचारा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर येतं, आणि रोजची भरती पण दिवसाला पाऊण-एक तास पुढं सरकते. डब्यात खारं पाणी गेलं तर वाळवून परत चालू करायचा नाही, बटण दाबायचं नाही, चार्जिंगला लावायचा नाही, तंबू आणि गाडीपासून लांब उघड्यावर ठेवायचा. खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी नंतर, कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी पेट घेऊ शकते.

आणि रात्री लाईट वाळूवर मारू नका. गुहागर, वेळास, आंजर्ले ह्या पट्ट्यात थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, उजेड दिसला की मादी परत फिरते आणि पिल्लं असतील तर ती समुद्र सोडून उजेडाकडं जातात. तंबूत एक मंद लाईट बास, बॅटरी वाचते ती वेगळीच. तंबू थेट किनाऱ्यावर टाकायचा असेल तर नगरपंचायतीत विचारून घ्या, त्यापेक्षा एखाद्या होमस्टेवाल्याच्या वाडीत जागा मिळाली तर सगळ्यात उत्तम, वडिलांना बाथरूम मिळेल आणि अडीनडीला डबा त्यांच्या प्लगवर लावता येईल.

खाली एकानं विचारलंय घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आणि छतावरचं एक पॅनल काढून नेलं तर फुकटात काम होईल का. १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी ५०-६० किलोची, आत ॲसिड, कुंभार्लीच्या वळणावर मागच्या सीटखाली ती कलंडली तर काय होईल विचार करा. आणि छतावरचं ५४० वॅटचं पॅनल सव्वादोन मीटर लांब, २७-२८ किलोचं, ते जाऊ दे, पण त्याचा ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काही न जोडता उन्हात येणारा, ४९-५० असतो. बऱ्याच छोट्या पॉवर स्टेशनची सोलर इनपुटची मर्यादा २८-३० व्होल्टच असते, जोडल्या क्षणी आतला चार्जर जातो आणि वॉरंटीत बसत नाही. दोन घडीची पॅनल सिरीजमध्ये (एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला) जोडली तरी हाच धोका, व्होल्टेजची बेरीज होते. जोडायचीच असतील तर पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस).

डबा घेताना जाहिरातीतल्या एमएएचवर जाऊ नका, १,६०,००० एमएएच वाचून भारी वाटतं, पण सेल ३.२ व्होल्टचा असेल तर ते ५१२ वॅट-तासच झाले. लिथियम फेरो फॉस्फेटच घ्या, आयुष्य दोन-तीन हजार सायकलचं (एकदा भरून रिकामं झालं की एक सायकल) आणि तापण्याच्या बाबतीत दुसऱ्या लिथियमपेक्षा शांत. घरी परत आलात की पोर्ट कोरड्या ब्रशनं साफ करा, ५०-६० टक्क्यांवर ठेवा, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

दादा, तुम्ही दोन गोष्टी करा. डॉक्टरांना हीटरचं विचारा आणि वॅटमीटरवर एका रात्रीचे किती पडले ते इथं लिहा. सोबत घेणार त्या पॉवर स्टेशनच्या मागच्या लेबलचा फोटो टाका, सोलर इनपुटचे व्होल्ट आणि अँपिअर दिसले पाहिजेत, मग कुठलं पॅनल आणि कुठला कनेक्टर ते नक्की सांगतो.